डीएनएचा आकाशकंदील

दिवाळीत घरच्या घरी आकाशकंदील केलाय कधी? कामट्या, दोरा, पतंगाचा कागद, खळ आणि शेवटी पसाऱ्यावरून आईची बोलणी! आता समजा, हे सामान बादलीभर पाण्यात टाकलं, पाणी तापवून हळूहळू निवू दिलं आणि आत बघतो तर कंदील तयार! ‘काहीही काय!’ म्हणाल ना? पण डीएनएच्या बाबतीत हे खरंच होतं.

तळोज्यात राहणाऱ्यांना केमिस्ट्री म्हटलं की एमआयडीसीच आठवणार. टँकर, पाइप, टनावारी माल. ही केमिस्ट्री अगदी उलट्या टोकाची. इथे मोजमाप नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात. डीएनएच्या पीळदार दोरीची जाडीच मुळी २ नॅनोमीटर. तिला चिमट्यानं वळवणार कोण? मग ती स्वतःच वळेल अशी सोय करायची.

ही सोय आपल्या बायोलॉजीच्या पुस्तकातच आहे. ए समोर टी, जी समोर सी. जोड्या ठरलेल्या, पत्रिका बघायची गरजच नाही! अक्षरांचा क्रम आपण ठरवला, की कुठला तुकडा कुणाला चिकटणार हेही ठरतं. अमेरिकेतल्या नेड सीमन यांनी ही कल्पना १९८२ मध्ये मांडली. १९९१ मध्ये त्यांच्या लॅबमध्ये डीएनएचा घनाकृती सांगाडा तयार झाला.

२००६ मध्ये पॉल रोथमंड यांनी काम सोपं केलं. एका विषाणूचा सात हजारांहून जास्त अक्षरांचा लांब धागा घेतला आणि त्यात दोनशेहून अधिक छोटे तुकडे मिसळले. हे तुकडे म्हणजे स्टेपलरच्या पिनाच. प्रत्येक पिन धाग्यावरच्या लांबलांबच्या जागा धरून जवळ आणते. मिश्रण ९५ अंशांपर्यंत तापवून थंड केलं, की धाग्याची बरोब्बर घडी पडते. त्यांनी काय बनवलं? स्मायली! या तंत्राचं नाव डीएनए ओरिगामी. २००९ मध्ये थरावर थर रचून थ्रीडी आकारही जमले.

त्याच वर्षी बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये, म्हणजे मुंबईच्या टीआयएफआरच्याच संस्थेत, यमुना कृष्णन, धीरज भाटिया आणि सहकाऱ्यांनी वीस बाजूंची पोकळ डीएनए पेटी केली. दोन अर्धे भाग जोडताना आत सोन्याचे नॅनोकण बंद केले. अगदी कंदीलच! २०११ मध्ये अशाच पेटीत चमकणारा रेणू भरून तो एका इवल्याशा कृमीच्या पेशींपर्यंत पोहोचवला.

याचा उपयोग काय, हे समजायला लांब जायला नको. तळोज्याच्या शेजारी, खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक आहे. केमो घेणाऱ्याच्या घरातल्यांना विचारा. औषध कॅन्सरच्या पेशींबरोबर चांगल्या पेशींनाही झोडपतं. केस जातात, अन्न नकोसं होतं. तेच औषध पेटीत बंद करून गाठीपाशीच उघडता आलं तर? २०१८ मध्ये चिनी आणि अमेरिकी संशोधकांनी उंदरांवर तसा प्रयोग केला. डीएनएची नळी गाठीच्या रक्तवाहिनीत उघडली, आतल्या औषधानं तिथलं रक्त गोठवलं आणि गाठीची रसद तुटली.

पण लगेच हुरळून जाऊ नका. उंदीर आणि माणूस यांत बरंच अंतर आहे. रक्तातली एन्झाइम्स डीएनए कुरतडतात, मॅग्नेशियम कमी पडलं तर घडी सुटते आणि मोठ्या प्रमाणावर बनवायचं तर खर्च भरपूर.

म्हणूनच इथे नव्या डोक्यांना काम आहे. आणि सुरुवातीला लॅबही लागत नाही. ‘कॅडनॅनो’ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर फुकट आहे. लॅपटॉपवर धागा वळवायचा, पिना कुठे मारायच्या ते ठरवायचं. अक्षरांची यादी ते काढून देतं. बायोलॉजीवाला, कोडिंगवाली आणि चित्रं काढणारा एखादा मित्र, एवढी टीम पुरे. नाहीतरी कंदिलाचा ढाचा आपण आधी कागदावरच काढतो की!