ठेक्याआधीच्या सह्या: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिल्ली, गाझियाबाद, नोएडा, गुरुग्राम या पट्ट्यात केंद्र सरकार, दिल्ली सरकार, महानगरपालिका, हरियाणा आणि उत्तर प्रदेशची प्राधिकरणं अशा अनेकांची कामं एकमेकांना खेटून चालतात. काम रखडलं की लोक म्हणतात, ‘फाइल अडली’. झपाट्यानं सुटलं की म्हणतात, ‘वरून सेटिंग होतं’. दोन्ही वेळा हा अंदाजच असतो, कारण ठेका देण्याआधी कुणी कोणत्या गोष्टीला मान्यता द्यायची असते, हे ठेकेदार आणि अभियंते सोडले तर फारसं कुणाला ठाऊक नसतं. पैसा मात्र सगळ्यांच्या करातला असतो. म्हणून या विषयावरचे नेहमीचे गैरसमज एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज 1: मंत्र्यांनी सही केली की काम मंजूर.

वस्तुस्थिती: मंजुरी एक नसते, त्यांची साखळी असते. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम, 2017 मधला नियम 136 ती क्रमानं सांगतो. आधी सक्षम अधिकाऱ्याची प्रशासकीय मान्यता, म्हणजे हे काम हवं आहे असा निर्णय. मग खर्चाची मंजुरी. मग तपशीलवार आराखड्याला आणि दरसूचीवर बेतलेल्या अंदाजपत्रकाला मान्यता. मग त्या वर्षासाठी निधीची तरतूद. त्यानंतर रीतसर निविदा आणि शेवटी कार्यारंभ आदेश. यातलं काही राहिलं असेल तर काम सुरू करता येत नाही आणि सरकारवर कोणतंही देणं ओढवून घेता येत नाही.

प्रत्येक सहीला वेगळ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं. काम गरजेचं आहे का, हे प्रशासकीय मान्यता सांगते. ते या पद्धतीनं आणि या दरात होईल का, हे तांत्रिक मान्यतेतून कळतं. पैसे कुठून येणार, हे वित्त विभाग पाहतो. मंत्री कितीही वरचे असले तरी त्यांच्या सहीनं पुलाचं गणित बरोबर ठरत नाही; आणि मुख्य अभियंता कितीही जाणकार असला तरी तरतूद नसलेला पैसा तो खर्च करू शकत नाही.

गैरसमज 2: कामाचे तुकडे केले की वरची मंजुरी टळते.

वस्तुस्थिती: कोणत्या अधिकाऱ्यानं किती रकमेपर्यंत मंजुरी द्यायची, याच्या मर्यादा ठरलेल्या असतात. त्या चुकवण्यासाठी मागणीचे तुकडे पाडायला नियमांची उघड मनाई आहे. खरेदीबाबत नियम 157 हेच सांगतो. एकाच गल्लीतल्या एकाच कामाच्या चार निविदा, चारही मर्यादेच्या जेमतेम खाली, एकाच आठवड्यात निघाल्या असतील, तर नागरिकानं तिथे थांबून चौकशी करायलाच हवी.

गैरसमज 3: मंजुरी अडली म्हणजे कुणीतरी फाइल दाबून ठेवली.

वस्तुस्थिती: कधी कधी मंजुरी देणारी संस्थाच जागेवर नसते. दिल्ली महानगरपालिकेत नेमकं हेच घडलं. मे 2022 मध्ये तिन्ही महापालिका पुन्हा एक झाल्या आणि डिसेंबरमध्ये 250 प्रभागांची निवडणूक झाली. पण 18 सदस्यांची स्थायी समिती बनेना. सभागृहातून निवडायच्या सदस्यांवरून वाद झाला, नायब राज्यपालांनी नेमलेल्या दहा सदस्यांवरून खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचा निकाल 5 ऑगस्ट 2024 रोजी लागला आणि समिती प्रत्यक्ष उभी राहिली ती जून 2025 मध्ये.

या काळात आयुक्तांना 5 कोटी रुपयांपर्यंतच्याच ठेक्यांचा अधिकार होता. त्यावरच्या ठेक्यांना स्थायी समितीची संमती हवी आणि समिती तर नाही. त्याचा फटका कचऱ्यावरच्या प्रक्रियेला बसला. जुलै 2024 मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठापुढे जे आकडे आले त्यांनुसार शहरात रोज सुमारे 11,000 टन कचरा निघत होता आणि प्रक्रियेची क्षमता सुमारे 8,000 टनांची होती. उरलेले 3,000 टन रोज प्रक्रियेविना पडत होते. नवे प्रकल्प उभारायचे तर मोठे ठेके द्यायला हवेत, आणि ते द्यायला समिती हवी, अशी ही कोंडी होती.

मुंबईत मार्च 2022 नंतर नगरसेवक नव्हते, पण तिथे प्रशासक नेमलेला होता आणि स्थायी समितीचे अधिकार त्याच्याकडे आले. ठेके निघत राहिले. मात्र प्रस्ताव मांडणारं आणि मंजूर करणारं प्रशासन एकच झालं. दिल्लीत कामं थांबली, मुंबईत प्रश्न विचारणारे उरले नाहीत. दोन्हीकडे नुकसान नागरिकांचंच झालं. मंजुरीची पायरी काढून टाकणं हा यावरचा उपाय नाही. ती पायरी सांभाळणारी संस्था वेळेवर उभी करणं, हा आहे.

गैरसमज 4: सर्वांत कमी दर भरला की ठेका मिळालाच.

वस्तुस्थिती: ‘एल-वन’ ठरणं म्हणजे ठेका मिळणं नव्हे. दिल्ली-मेरठ जलद रेल्वेच्या न्यू अशोकनगर ते साहिबाबाद या सुमारे 5.6 किलोमीटरच्या भुयारी टप्प्याचं उदाहरण घ्या. जून 2020 मध्ये दर उघडले तेव्हा शांघाय टनेल इंजिनिअरिंग या चिनी कंपनीचा सुमारे 1,126 कोटींचा दर सर्वांत कमी होता. भारत-चीन सैन्यांतली गलवानची चकमक त्याच महिन्यात झाली आणि विरोधाचा गदारोळ उठला. ठेका त्याच कंपनीला मिळाला, पण जानेवारी 2021 मध्ये, वेगवेगळ्या पातळ्यांवरच्या मंजुऱ्या झाल्यावर.

मधल्या काळात, 23 जुलै 2020 रोजी, केंद्रानं नवा आदेश काढला. भारताशी जमिनीवरची सीमा असलेल्या देशांतल्या बोलीदारांना आता सक्षम प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. त्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय आणि गृह मंत्रालयाची सुरक्षाविषयक मंजुरी लागते. म्हणजे दराच्या बाहेरच्या मंजुऱ्याही असतात.

गुणवत्तेचंही तसंच आहे. केंद्राच्या ऑक्टोबर 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सक्षम अधिकाऱ्यानं एखादं काम गुणवत्ताप्रधान म्हणून जाहीर केलं, तर दराशिवायच्या निकषांना कमाल 30 टक्के वजन देता येतं. एकच निविदा आली म्हणून ती आपोआप बाद करायची नसते, हेही याच सूचना सांगतात. जाहिरात नीट झाली होती, मुदत पुरेशी होती, अटी जाचक नव्हत्या आणि दर वाजवी आहे, असं दिसलं तर ती स्वीकारता येते.

गैरसमज 5: सरकार रोख पैसे देणार नसेल, तर निविदेची गरज नाही.

वस्तुस्थिती: मराठी वाचकानं नीट समजून घ्यावं असं उदाहरण दिल्लीतच, कस्तुरबा गांधी मार्गावर आहे: नवं महाराष्ट्र सदन. 2013 मध्ये उद्घाटन झालेली ही वास्तू विकासकानं बांधून द्यायची आणि त्याच्या मोबदल्यात त्याला अंधेरीच्या आरटीओच्या जागेवर विकासहक्क मिळायचे, अशी योजना होती. काम खुल्या निविदेविना दिलं गेलं, यावरून पुढे वाद पेटला. लाचलुचपत प्रतिबंधक विभागानं 2015 मध्ये तत्कालीन सार्वजनिक बांधकाम मंत्री छगन भुजबळ यांच्यासह अनेकांवर गुन्हा दाखल केला. निर्णय मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या मंत्रिमंडळ समितीनं सामूहिकपणे घेतला होता, अशी बचावाची बाजू होती. सप्टेंबर 2021 मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयानं भुजबळांना या गुन्ह्यातून दोषमुक्त केलं.

व्यक्तींपुरता हा निकाल झाला. धडा पद्धतीबद्दलचा आहे. जमीन आणि चटईक्षेत्र ही सुद्धा सार्वजनिक संपत्तीच. तिजोरीतून रुपया गेला नाही तरी किंमत मोजली जातेच, आणि ती योग्य आहे का हे ताडून पाहण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे खुली स्पर्धा. उच्चस्तरीय समितीची मान्यता आणि स्पर्धेतून ठरलेली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीनं दुसरीची जागा भरून निघत नाही.

गैरसमज 6: काम तातडीचं असेल तर नियम माफ.

वस्तुस्थिती: तातडीसाठी नियमांतच वाट ठेवलेली आहे, पण ती अधिकाऱ्याच्या स्वतःच्या जबाबदारीची. आणि पूर, अपघात यांची तातडी वेगळी, हातानं ओढवून घेतलेली वेगळी. दिल्लीच्या 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धा आठवा. पुण्याचे सुरेश कलमाडी आयोजन समितीचे अध्यक्ष होते. यजमानपद नोव्हेंबर 2003 मध्येच मिळालं होतं. कॅगच्या (नियंत्रक आणि महालेखापरीक्षक) ऑगस्ट 2011 च्या अहवालानं दाखवून दिलं की सुरुवातीची वर्षं वाया गेली आणि शेवटी उरलेल्या घाईचं कारण पुढे करून निविदांची नेहमीची प्रक्रिया बाजूला ठेवली गेली. स्पर्धा तोंडावर असताना, 21 सप्टेंबर 2010 रोजी, जवाहरलाल नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल बांधकाम चालू असतानाच कोसळला. सात वर्षं हाती असलेल्या कामाला तातडीचं म्हणता येत नाही.

गैरसमज 7: साहेबांनी तोंडी सांगितलं, काम केलं, म्हणजे बिल निघणारच.

वस्तुस्थिती: छोटे ठेकेदार सर्वांत जास्त इथे फसतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद 299 नुसार केंद्राचा करार राष्ट्रपतींच्या आणि राज्याचा राज्यपालांच्या नावानं, अधिकृत अधिकाऱ्याच्याच सहीनं व्हावा लागतो. भिकराज जयपुरिया खटल्यात रेल्वेला धान्य पुरवण्याचा करार या स्वरूपाच्या अटीत बसत नव्हता, म्हणून 1960च्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयानं तो अंमलात आणण्याजोगा नसल्याचं ठरवलं. त्याच सुमारास बी. के. मोंडल खटल्यात मात्र, सरकारनं झालेल्या कामाचा लाभ घेतला असेल तर करार कायदा, 1872 च्या कलम 70 नुसार भरपाई मागता येते, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे दार पूर्ण बंद नाही. पण कराराचा हक्क वेगळा आणि वर्षानुवर्षं कोर्टात झगडून मिळवलेली भरपाई वेगळी. कार्यारंभ आदेश हाती आल्याशिवाय माणसं आणि माल साइटवर नेऊ नये, हेच खरं.

गैरसमज 8: कॅग, दक्षता आयोग आणि न्यायालय आहेत, तेच चूक अडवतील.

वस्तुस्थिती: कॅग लेखापरीक्षण करतं, ठेक्याला आधी संमती देत नाही. केंद्रीय दक्षता आयोग दिशा घालून देतो. निविदा उघडल्यावर वाटाघाटी करू नयेत, अपवाद म्हणून करायच्याच तर फक्त एल-वनशी, ही त्याचीच भूमिका. निर्णय मात्र खातंच घेतं. आणि टाटा सेल्युलर खटल्यात 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की न्यायालय निर्णयाची प्रक्रिया तपासतं, स्वतःचा निर्णय खात्यावर लादत नाही. हे तिघे बहुतेक वेळा ठेका दिल्यानंतर येतात. पैसा वाचवण्याची खरी वेळ त्याआधीची, म्हणून आधीच्या सह्यांचं मोल जास्त.

नागरिकानं काय विचारावं?

माहिती अधिकार कायदा, 2005 हाताशी आहे. ‘भ्रष्टाचार झाला का?’ असं विचारून कागद मिळत नाही. नेमकं विचारा: प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक आणि तारीख काय? ती कुणी दिली आणि तेवढ्या रकमेचा अधिकार त्याला कोणत्या आदेशानं मिळाला? तांत्रिक मान्यता कधीची? निधी कोणत्या लेखाशीर्षाखाली? स्वीकृतीपत्र आणि कार्यारंभ आदेश कोणत्या तारखांचे? या तारखा एका कागदावर ओळीनं लिहून काढा. कार्यारंभ आदेश प्रशासकीय मान्यतेच्या आधीचा निघाला, तर विचारायचा पुढचा प्रश्न तुम्हाला सापडला. ही माहिती मागणं हा तुमचा हक्क आहे, आणि प्रत्येक प्रभागात चार माणसांनी जरी तो बजावला तरी सह्या करणाऱ्यांना आपण कशावर सही करतोय हे वाचावं लागेल.