चिकन-भात कुणाला मानवतो, कुणाला नाही
मुका सोबती : भाग ६

गेल्या भागात आपण जुलाब लागलेल्या कुत्र्याला ताबडतोब दवाखान्यात कधी न्यायचं ते पाहिलं. शीतून रक्त, थांबत नसलेल्या उलट्या, पाणीही न टिकणं, मलूल पडून राहणं यांपैकी काही दिसलं तर घरी आहाराचे प्रयोग करत बसू नये. आजचा विषय वेगळा आहे. कुत्रा खेळतो, खातो, पण दर पंधरा दिवसांनी त्याचं पोट बिघडतं. औषधाने चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. अशा कुत्र्याच्या ताटात काय असावं?

बेंगळुरूत याचं ठरलेलं उत्तर म्हणजे चिकन-भात. २०२५ च्या जुलैत इथल्या महापालिकेने, म्हणजे तेव्हाच्या बीबीएमपीने, रस्त्यावरच्या सुमारे ५,००० कुत्र्यांना रोज एक वेळ जेवण देण्यासाठी निविदा काढली, तीही चिकन-भाताचीच. त्यावरून देशभर वाद झाला. निविदेतलं ताट असं होतं : १५० ग्रॅम चिकन, १०० ग्रॅम तांदूळ, १०० ग्रॅम भाज्या, १० ग्रॅम तेल, शिवाय मीठ-हळद, आणि एकूण ऊर्जा सुमारे ७५० किलोकॅलरी. पंधरा किलोच्या कुत्र्याला नुसतं बसून राहायलाच साधारण ५३० किलोकॅलरी लागतात. हिंडत्या-फिरत्या कुत्र्याला त्याच्या दीडपट धरा. म्हणजे पोट भरण्याच्या दृष्टीने हिशेब चुकलेला नव्हता. मीठ-मसाल्याचं मात्र घरच्या ताटात काही कारण नाही.

भात कुत्र्याला पचतो का, ही शंका अनेकांना असते. पचतो. २०१३ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात मात्र चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर हजारो वर्षं जगल्याचा हा परिणाम मानला जातो. मऊ शिजवलेला पांढरा तांदूळ लहान आतड्यातच जवळजवळ पूर्ण पचतो आणि मोठ्या आतड्यात आंबायला फारसं काही उरत नाही. कातडं काढलेल्या चिकनमध्ये चरबी कमी असते. न पचलेली चरबी मोठ्या आतड्यात पोचली की तिथे पाणी सुटतं आणि शी पातळ होते. म्हणून साध्या बिघाडात दोन-चार दिवस हे जेवण चांगलं काम करतं.

पण वारंवार बिघडणाऱ्या पोटाला कधीकधी नेमकं चिकनच सोसत नसतं. अन्नाची ॲलर्जी बहुधा नेहमीच्या खाण्यातल्या प्रथिनाची असते. २०१६ साली म्युलर, ऑलिव्हरी आणि प्रेलो यांनी अशा २९७ कुत्र्यांच्या नोंदी एकत्र केल्या. बीफ ३४ टक्के, दुधाचे पदार्थ १७, चिकन १५, गहू १३. या नोंदी मुख्यतः युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या आहेत, तेव्हा बीफचा पहिला क्रमांक आपण जसाच्या तसा उचलू नये. आपल्याकडच्या बहुतेक कुत्र्यांनी बीफ चाखलेलंही नसतं. त्यांच्या पोटात जातं ते चिकन, दूध-दही, पोळी आणि बिस्किट. बेंगळुरूत दहीभात तर सर्रास घालतात. दह्यात दुधापेक्षा लॅक्टोज कमी, म्हणून अनेकांना तो मानवतोही. पण दुधाच्या प्रथिनाचं वावडं असेल तर दह्याने काही साधत नाही.

म्हणून आहार निवडण्याआधी या कुत्र्याने आजवर काय काय खाल्लं ते काढावं. दत्तक घेतलेल्या गावठी कुत्र्याच्या बाबतीत हे अवघड असतं, पण आज घरात काय चाललंय ते तरी कळतं. एक कागद घ्या आणि सगळ्यांना विचारा. “आजोबा, चहाबरोबरचा रस्क तुम्ही त्याला देता का हो?” देतात. मुलं टेबलाखालून चपाती देतात, खालचा वॉचमन बेकरीतला बन देतो, गोळी पेढ्यात घालून जाते. चघळायच्या जंतनाशक गोळीलाही मांसाचा स्वाद असतो. हे सगळं कागदावर आलं की अर्धं निदान पुष्कळदा तिथेच होतं.

मग कुत्र्याने कधी न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्ट निवडायचं. बेंगळुरूत पोर्क किंवा मासे सहज मिळतात. जोडीला बटाटा किंवा रताळं. मांस शिजवणं जमत नसेल तर प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं, डॉक्टरांच्या सल्ल्याने मिळणारं तयार खाद्य घ्यावं. ते महाग आहे, पण शरीराची प्रतिकारयंत्रणा हे तुकडे सहसा ओळखत नाही आणि पोषण पूर्ण मिळतं. जुन्या अन्नात नवं मिसळत सात ते दहा दिवसांत पूर्ण बदल करावा. पोटाच्या तक्रारीत फरक बहुधा दोन आठवड्यांत दिसतो; खाजही असेल तर आठ आठवडे धीर धरावा. या काळात एक बिस्किटसुद्धा नाही. नंतर जुनं अन्न पुन्हा देऊन पाहायचं आणि त्रास परतला तरच दोष नक्की मानायचा.

दर महिन्याला नवं पाकीट आणून पाहण्याची सवय मला घातक वाटते. त्याने काहीच सिद्ध होत नाही आणि उद्या चाचणीसाठी न खाल्लेलं प्रथिनच उरत नाही.

नाचणीबद्दल बरेच जण विचारतात. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं हे खरं, पण तिच्यातली फायटेटं त्यातलं बरंचसं अडवून धरतात आणि तंतू भरपूर असल्याने जुलाबात ती नको. उलट नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम जवळजवळ नाहीच. दहा किलोच्या कुत्र्याला रोज पाऊण ग्रॅमच्या आसपास लागतं. वाढत्या पिल्लाला महिनोन्‌महिने नुसता चिकन-भात दिला तर हाडं वाकतात. घरचं जेवण कायमचं ठेवायचं असेल तर पूरक क्षार-जीवनसत्त्वं डॉक्टरांकडून ठरवून घ्या. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका कोणत्याही ताटात नकोत.

आणि आहार बदलण्यापूर्वी शी तपासून घ्या. जिआर्डिया किंवा अंकुशकृमी असतील तर कितीही चांगलं खाद्य व्यर्थ जाईल. जर्मन शेफर्ड भरपूर खाऊनही वाळत असेल तर स्वादुपिंडाची तपासणी सांगावी लागते. हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय असो की गल्लीतला दवाखाना, जाताना ताजा नमुना आणि तो कागद दोन्ही बरोबर न्या. पुढच्या आठवड्यात गोचीड आणि गोचीडताप.