नव-अभिजात वास्तुशैली आणि बंगळूरची अठरा कचेरी

साहित्यविचारात ‘अभिजात’ ही संज्ञा संयम, प्रमाणबद्धता आणि नियमनिष्ठा या गुणांशी निगडित आहे. वास्तुकलेतील नव-अभिजात शैलीचा आग्रहही याच गुणांचा होय. अठराव्या शतकाच्या मध्यास, बरोक व रोकोको शैलींच्या अलंकारबाहुल्याविरुद्धची प्रतिक्रिया म्हणून ती युरोपात उदयास आली. हर्क्युलेनियम (१७३८) व पाँपेई (१७४८) येथील उत्खननांनी प्राचीन रोमन जीवन दृष्टीसमोर आणले. स्टुअर्ट आणि रेव्हेट यांच्या अथेन्सविषयक ग्रंथाच्या पहिल्या खंडाने (१७६२) ग्रीक वास्तूंची मोजमापे उपलब्ध करून दिली. सममिती, स्तंभांची रांग, द्वारमंडपावरील त्रिकोणी शिरोभाग आणि अलंकारविरहित भिंत ही या शैलीची प्रमुख लक्षणे होत. भारतात ती कंपनी सरकारबरोबर आली. मुंबईचा १८३३ साली पूर्ण झालेला टाउन हॉल हे तिच्या डोरिक रूपाचे ठळक उदाहरण आहे.

बंगळूरची अठरा कचेरी (१८६४–६८) त्यानंतरची. १८३१ ते १८८१ या काळात म्हैसूरचा कारभार ब्रिटिश आयुक्तांकडे होता आणि त्याची दप्तरे टिपू सुलतानाच्या लाकडी महालात होती. आयुक्त बाउरिंग यांच्या कारकीर्दीत ती या नव्या, लाल रंगाच्या दुमजली इमारतीत हलविण्यात आली. लांबलचक दर्शनी बाजूच्या मध्यभागी व दोन्ही टोकांना आयोनिक स्तंभांचे द्वारमंडप आहेत. महिरपींच्या महालातून ग्रीक स्तंभांच्या छायेत झालेले हे स्थलांतर केवळ जागेच्या सोयीचे नव्हते. सत्तेने आपली दृश्य भाषाच बदलली होती.

नाव मात्र देशीच राहिले. म्हैसूरच्या कारभारात अठरा कचेऱ्यांची परंपरा चिक्कदेवराज वोडेयर यांच्या काळापासून सांगितली जाते. मराठी वाचकाला येथे मराठेशाहीतील ‘अठरा कारखाने’ सहज आठवतील. परके रूप आणि परिचित नाव यांच्या या संयोगामुळे वास्तू लोकव्यवहारात रुजली.

स्वातंत्र्यानंतर, १९५६ साली, समोरच विधानसौध उभे राहिले. केंगल हनुमंतय्या यांनी त्यासाठी द्राविड शैलीचा पुरस्कार केला. त्या सौधाचे शिखर व नक्षीकाम देशी आहे. तथापि लांब सममित दर्शनी भाग, मध्यवर्ती स्तंभमंडप आणि उंच पायऱ्या ही रचना समोरच्या वास्तूशी संवाद साधते. शब्द बदलले, वाक्यरचना पुष्कळशी तीच राहिली, असे म्हणता येईल.

१९८२ च्या सुमारास अठरा कचेरी पाडण्याचा विचार पुढे आला. त्याविरुद्ध नागरिक उच्च न्यायालयात गेले. उच्च न्यायालय याच इमारतीत असल्याने तिच्या भवितव्याची सुनावणी तिच्याच छताखाली झाली. अखेर वास्तू वाचली आणि आजही तेथे न्यायदान चालते. परसत्तेची खूण म्हणून जी नाकारता आली असती, ती नागरिकांनी आपला वारसा म्हणून राखली. शैलीचे मूळ कोठले, या प्रश्नाइतकाच ती कोणी आपलीशी केली, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.