माईकमधली घरघर : चोर शिरतो कुठून?

मित्रांनो, नोकरीच्या मुलाखतीची पहिली फेरी आजकाल बरेचदा ऑनलाईन असते. उंद्रीत किंवा चिखली तालुक्यातल्या दुसऱ्या एखाद्या गावात घरी बसून ती द्यायची, म्हणजे डोक्यावर पंखा, वर टिनपत्रे आणि शेजारी पिठाची गिरणी! उत्तर बरोबर असूनही समोरच्याला नुसती घरघर ऐकू गेली तर काय उपयोग? मग आपण निघतो नवा हेडसेट घ्यायला. जरा थांबा! नको असलेला आवाज तीन वाटांनी शिरतो : हवेतून, वायरमधून आणि खुद्द कॉम्प्युटरमधून. आधी वाट शोधा, खर्चाचं नंतर बघू.

वाट पहिली : हवा. पंखा बंद करून एक मिनिट रेकॉर्डिंग करा. घरघर गेली तर वाट हीच. हेडसेटमध्ये बहुधा इलेक्ट्रेट माईक असतो. बेल लॅब्जमध्ये सेस्लर आणि वेस्ट यांनी तो १९६२ साली तयार केला. हा बिचारा तुमचा आवाज आणि पंख्याचा आवाज यात फरक करत नाही. फरक पडतो तो अंतराने. तोंड ते माईक अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, पंखा मात्र आहे तिथेच राहतो. म्हणजे ४० सेंमीवरून ५ सेंमीवर आलात की १८ डेसिबलचा फायदा, तोही फुकट! माईक ओठांच्या कोपऱ्याशी ठेवा. अगदी समोर धरला तर श्वासाचे फटके बसतात. आता सेटिंगमधला 'मायक्रोफोन बूस्ट' कमी करा, कारण बूस्ट तुमच्यासोबत पंख्यालाही मोठा करतो.

वाट दुसरी : वायर. एकसुरी 'हूंऽऽ' येतंय? लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आवाज गेला, तर दोष विजेच्या वाटेत आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ही गुणगुण ५० आणि तिच्या पटीत येते. घराला अर्थिंग नसेल, तर चार्जरच्या फिल्टरमधून गळणारा बारीक करंट लॅपटॉपच्या बॉडीवर येतो. हात लावल्यावर मुंग्या येतात ना, तोच हा. अर्थिंगचं काम वायरमनकडूनच करून घ्या, स्वतः प्रयोग नको. मुलाखतीपुरतं बॅटरी फुल चार्ज करून चार्जर काढला तरी भागतं.

वाट तिसरी : कॉम्प्युटर. समोरच्याला त्याचाच आवाज परत ऐकू येतो? गाणं लावा, माईक मुठीत घट्ट धरा आणि रेकॉर्ड करा. तरीही गाणं स्पष्ट आलं, तर रेकॉर्डिंगमध्ये माईकऐवजी 'स्टिरिओ मिक्स' निवडलेलं नाही ना ते बघा. तेही ठीक असेल, तर चार कड्यांच्या पिनमध्ये माईक आणि स्पीकरची ग्राउंड वायर एकच असते, तिथून गळती होत असावी. यूएसबी साऊंड कार्ड लावलं की बहुतेक वेळा हा त्रास मिटतो. मुठीत धरल्यावर गाणं गेलं, तर आवाज कानाच्या गादीतून बाहेर येतोय. व्हॉल्यूम कमी करा.

नॉईज सप्रेशनचं सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. ते घरघर कापतं, पण कधीकधी तुमचे शब्दही खातं. मुलाखतीच्या आदल्या दिवशी, त्याच खोलीत, त्याच वेळेला रेकॉर्डिंग करून ऐका. गिरणी कधी सुरू होते तेही कळेल!

ऑल द बेस्ट!