चिकू भाजी खाईना!

मुलांनी भाजी खावी म्हणून आपण बायका काय काय नाटकं करतो! मेथीचे पराठे लाटतो, दुधी किसून थालीपिठात दडवतो, बिटाची कटलेट करतो. दोन मुलं वाढवताना या विद्येत आपण चांगल्याच तयार झालो आहोत अशी माझी समजूत होती. घरातल्या सर्वांत छोट्या मंडळींनी ती पार धुळीला मिळवली. त्यांचं वजन तेव्हा होतं अवघं 118 ग्रॅम!

चिकू म्हणजे आमचा कॉकटील. अंगानं राखाडी, डोकं पिवळं, गालांवर केशरी टिकल्या आणि डोक्यावर मर्जीप्रमाणे उभा-आडवा होणारा तुरा. पोपट-काकाकुव्याच्या जातकुळीतला, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. शेजारच्या बिऱ्हाडाची बदली झाली, नव्या जागेत पक्षी ठेवता येईना, म्हणून तीन वर्षांपूर्वी पिंजऱ्यासकट आमच्याकडे आला. सोबत एक डबा: राळं, बाजरी आणि भरपूर सूर्यफुलाच्या बिया. “एवढंच खातो हो, बाकी कशाला चोच लावत नाही,” असं शेजारीण सांगून गेली. आम्हीही ते वेदवाक्य मानलं.

त्यातून आमच्या सासूबाईंची आणि त्याची गट्टी जमली. सासरे गेल्यापासून दुपारी त्या घरात एकट्याच असतात. मी शाळेत, हे ऑफिसात, मुलं त्यांच्या उद्योगात. चिकू त्यांच्या खांद्यावर बसून पोथी ऐकायचा, चहात बुडवलेल्या बिस्किटाचा वाटेकरी व्हायचा आणि दिवसभर त्यांच्या हातून बिया खायचा. मी कधी काही म्हटलंच तर “खाऊ दे गं, मुकं जनावर ते,” हे ठरलेलं उत्तर. खरं सांगू? मलाही बरंच वाटायचं. आईंचा वेळ चांगला जात होता.

गेल्या पावसाळ्यात मात्र लक्षात आलं, पिंजऱ्यापासून पडद्यापर्यंत उडाला तरी याला धाप लागते. शिंका येत होत्या. चोच वाढून खाली वळली होती. साताऱ्यातल्या डॉक्टरांचा हात गाईम्हशींवर बसलेला. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, पुण्याला पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या. पिंजऱ्यावर ओढणी घालून आम्ही निघालो. आईही हट्टानं बरोबर आल्या.

डॉक्टरांनी त्याला काट्यावर ठेवलं, छातीचं हाड चाचपलं, चोच उघडून टॉर्चच्या उजेडात आतले पांढरे चट्टे मला दाखवले. रक्त तपासलं. मग म्हणाले, “याला लाड नडलेत.” सूर्यफुलाच्या गरात निम्म्याच्या आसपास चरबीच असते. पिंजऱ्यात बसून रोज ती खाल्ली की पक्षी लठ्ठ होतो, यकृतावर चरबी साठते. वाढलेली चोच बऱ्याचदा त्याचीच खूण असते. शिवाय दाण्यांत ‘अ’ जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच. नाक, तोंड, श्वासनलिका यांची आतली त्वचा त्यावरच नीट राहते. ते कमी पडलं की चट्टे आणि शिंका. हे असंच चाललं तर पक्षी फार दिवस काढायचा नाही. एरवी कॉकटील पंधरा वर्षं सहज जगतो म्हणे.

परतीच्या वाटेवर आई एक अक्षर बोलल्या नाहीत. घरी आल्यावर पिंजरा ठेवताना हळूच म्हणाल्या, “म्हणजे मीच मारायला निघाले होते की काय गं याला?” मला उत्तर सुचेना.

दुसऱ्या दिवसापासून मी मोहीम उघडली. गाजराच्या चकत्या, पालक, सफरचंदाच्या फोडी वाटीत रचून ठेवल्या. चिकूनं एकेक तुकडा उचलून बाहेर भिरकावला. नवी वाटी दिसली की तुरा उभारून फिस्कारायचा. मग मी शिक्षिकेचा खाक्या दाखवला. दाणे बंद! पोटात कावळे ओरडले की खाईल झक मारत. संध्याकाळी पाहते तर पिसं फुलवून कोपऱ्यात डोळे मिटून बसलेला. घाबरून डॉक्टरांना फोन केला, तर त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. “बाई, हे मूल नाही. एवढासा जीव एक-दोन दिवस उपाशी राहिला तर मरूही शकतो. भरल्या ताटाशेजारी बसून मरेल, कारण ते खाणं आहे हे त्याला ठाऊकच नाही!”

हे वाक्य माझ्या डोक्यात लख्ख बसलं. मी त्याला हट्टी म्हणत होते. अहो, ज्यानं जन्मापासून दाण्यांपलीकडे काही पाहिलं नाही त्याला गाजर म्हणजे काय, रंगीत लाकडाचा तुकडाच की!

मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून पद्धत बदलली. स्वैंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज सकाळी वजन करून कॅलेंडरवर लिहायचं. आठवड्यात तीन-चार ग्रॅमपेक्षा जास्त उतरलं तर थांबून त्यांना कळवायचं. सकाळी उठल्याबरोबर भूक असते तेव्हा तासभर भाजी पुढे, मग मोजके दाणे, आणि संध्याकाळी पुन्हा दाणे, म्हणजे रात्री पोटभर झोपेल. सूर्यफूल एकदम न तोडता दर आठवड्याला थोडं थोडं कमी केलं. इथे एक गोष्ट जरूर सांगते. पक्षी दाणा सोलून टरफल वाटीतच टाकतो. वाटी भरलेली दिसते, आपण म्हणतो खाल्लंच नाही, आणि आत नुसता कोंडा! फुंकर मारून पाहिल्याशिवाय वाटी भरली आहे असं समजू नका.

तीन आठवडे गेले. चिकूनं भाजीला चोच लावली नाही. आणि मग जे झालं त्यात माझी काडीचीही हुशारी नाही.

एका दुपारी आई जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसल्या होत्या. चिकू खांद्यावरून उतरला, पेपरवर तुरुतुरु फिरला आणि आईंनी बाजूला टाकलेलं एक पान उचलून कुरतडायला लागला. आईंनी श्वास रोखला. दुसरं पान त्यांनी स्वतःच्या तोंडात घातलं नि मिटक्या मारत चावलं, कच्चं! चिकूनं लगेच तिसरं उचललं. मी शाळेतून आले तर दारातच बातमी, “अगं, खाल्लीन! मेथी खाल्लीन!”

फोनवर डॉक्टर हसले. म्हणाले, हा पक्षी रानात थव्यानं जमिनीवर उतरून खातो, चौघं खातात ते आपणही खातो. तुमच्या सासूबाईच त्याचा थवा!

तेव्हापासून भाजी निवडायचं काम आईंचं आणि चिकूचं. कोथिंबीर आवडते. ती धुऊन ओली टांगली की आधी अंघोळ करतो, मग खातो. शेवग्याचा पाला तर आमच्या दारचाच. गाजर किसून भिजवलेल्या राळ्यात कालवलं, ते दाण्यांना चिकटून पोटात गेलं. पुढे नुसतंही खाऊ लागला. लाल भोपळा आणि रताळं वाफवून, मीठ न घालता. ‘अ’ जीवनसत्त्वासाठी ही नारिंगी मंडळी नि हिरवा पाला उत्तम. मूग-राळ्याला मोड आणून दिले तर दाण्याची सवय असलेल्यांना ते ओळखीचे वाटतात. पण पावसाळ्यात वास येतोय का ते बघा. फळ थोडंच, साखर असते म्हणून. पेरूची फोड, डाळिंबाचे चार दाणे पुरे. मिरचीही खातो, पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवत नाही. चिरलेलं काहीही दोन तासांनी उचलायचं. आणि भाजी सुरू झाली की विष्ठा पातळ होते, त्याला लगेच जुलाब समजून माझ्यासारखी धावाधाव करू नका. पक्षी मलूल दिसला तर गोष्ट वेगळी.

अव्हाकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, फरसाण, सफरचंदाच्या बिया यातलं काहीही पक्ष्याला देऊ नये. बिस्किटाचा प्रश्न आईंनीच सोडवला. त्यांनी स्वतःच बिस्किट सोडलं, “मी खाल्लं की तो मागणार.”

आमच्या भिशीत हे सांगितलं तर एकीनं विचारलं, बाजारातून हिरवा पोपट आणला तर त्यालाही हेच द्यायचं का? आपल्या देशी पोपटाला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. तो विकणं, विकत घेणं, पाळणं गुन्हाच. जखमी सापडला तर वनखात्याला कळवावं. आजोळच्या ओसरीवरच्या मिठूची आठवण मला अजून येते, पण तो काळ गेला.

चिकू आता 97 ग्रॅमवर आला आहे. शिंका थांबल्या, चोच डॉक्टरांनी एकदा घासून दिली. परवा तो हॉलमधून थेट स्वैंपाकघरात उडत आला नि माझ्या चिरलेल्या भोपळ्यावरच बसला. कॅलेंडरवर वजन आता आईच लिहितात, चष्मा लावून, एकादशीच्या शेजारी. सूर्यफुलाच्या चार बिया मात्र संध्याकाळी त्यांच्याच हातून, तेवढी डॉक्टरांची परवानगी आहे.

चिकूचं फळ तेवढं अजून खात नाही. भिरकावून देतो.