आधी सभा की आधी अध्यक्ष?

ग्रामसभेच्या नोंदवहीत प्रत्येक ठरावाखाली दोन ओळी असतात. सूचक : अमुक. अनुमोदक : तमुक. आमच्या सावर्ड्यात काय किंवा कोकणातल्या कुठल्याही गावात काय, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला बसलेला माणूस या दोन ओळी ऐकतो आणि विसरून जातो. पाखाडीची दुरुस्ती असो, नळपाणी योजना असो, मागच्या बाकावरून कोणीतरी ‘मी सूचक’ म्हणतो, शेजारचा ‘माझं अनुमोदन’ म्हणतो, ग्रामसेवकाचं पेन चालतं आणि पुढचा विषय येतो. मीही वर्षानुवर्षं विसरतच होतो. मग एकदा १९५२ सालातल्या एका दिवसाचं कामकाज वाचताना त्याच दोन ओळी समोर आल्या. सूचक : जवाहरलाल नेहरू. अनुमोदक : सत्यनारायण सिन्हा. विषय : गणेश वासुदेव मावळणकर यांना सभागृहाचे अध्यक्ष म्हणून निवडावे.

आमच्या नोंदवहीतल्या त्या दोन ओळी आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडून आलेल्या संसदेतल्या त्या दोन ओळी एकच आहेत, हे कळल्यावर मी नुसता बघत राहिलो.

त्यातून ते आडनाव! सावर्ड्याहून महामार्गाने दक्षिणेला निघालं की आरवली, तुरळ मागे पडतात आणि संगमेश्वर येतं. मावळणकरांचं मूळ गाव या संगमेश्वराजवळचं मावळंगे. मावळंग्याचे ते मावळणकर. गणेश वासुदेवांचा जन्म १८८८ सालचा, बडोद्याचा. सुरुवातीचं काही शिक्षण राजापूरला झालं आणि १९०२ साली ते अहमदाबादला गेले. पुढे वकिली तिथेच, स्वातंत्र्याची चळवळ तिथेच, तुरुंगवासही झाला. गुजरातच्या लोकांना ते आपलेच वाटतात, आणि तसे ते होतेही. पण आडनावाला चिकटलेलं गाव सुटत नाही. आमच्यापासून एवढ्याशा अंतरावरच्या गावाचं नाव १५ मे १९५२ रोजी दिल्लीत जुन्या संसद भवनाच्या त्या १४४ खांबांच्या गोल इमारतीत पुकारलं गेलं.

आता त्या दिवसाचं खरं कोडं सांगतो.

२५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ एवढे दिवस पहिल्या लोकसभेसाठी मतदान चाललं. मतदार यादीत १७ कोटींवर माणसं. ज्यांना अक्षर येत नव्हतं, त्यांच्यासाठी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. रत्नागिरी जिल्ह्याच्या तेव्हा दोन जागा होत्या. उत्तरेतून आझाद हिंद सेनेतले जगन्नाथराव भोसले निवडून आले, दक्षिणेतून मोरेश्वर दिनकर जोशी. अशी देशभरातून ४८९ माणसं निवडून आली, काही नेमली गेली, आणि १३ मे १९५२ रोजी ही सगळी सभागृहात येऊन बसली. माणसं आली, बाकं भरली. पण ही अजून सभा आहे का?

विचार करून पाहा. सभेत बोलायचं तर अध्यक्षांची परवानगी लागते. ठराव मांडायचा तर तो अध्यक्षांनी मताला टाकावा लागतो. ‘मंजूर’ म्हणायचं तेही अध्यक्षांनीच. आणि अध्यक्ष निवडायचा तोही ठरावानेच! म्हणजे अध्यक्षाशिवाय ठराव नाही आणि ठरावाशिवाय अध्यक्ष नाही. बी आधी की झाड आधी, हा प्रश्न आपण लहानपणी आजीला विचारायचो. इथे तो पाचशे मोठ्या माणसांपुढे खराखुरा उभा होता, आणि त्याचं उत्तर लगेच हवं होतं.

ग्रामपंचायतीत या प्रश्नाचं उत्तर आपण पाहिलेलं आहे. सरपंच सदस्यांतून निवडायची पद्धत होती तेव्हा पहिल्या सभेला तहसील कचेरीतून नेमलेला अध्यासी अधिकारी यायचा. तो गावचा नाही, सदस्य नाही. निवड पार पाडायची आणि उठायचं, एवढंच त्याचं काम. पण देशाच्या संसदेला बाहेरून अधिकारी कुठून आणणार? संसदेच्या वर कचेरी कुठली?

राज्यघटनेनं ही गाठ फार सुंदर सोडवली आहे. पहिला धागा असा की लोकसभा विसर्जित झाली तरी अध्यक्षाचं पद लगेच जात नाही. सगळे सदस्य माजी होतात, अध्यक्ष मात्र नव्या सभेच्या पहिल्या बैठकीच्या अगदी आधीच्या क्षणापर्यंत राहतो. घरातली सगळी माणसं गेली तरी नवं बिऱ्हाड येईपर्यंत किल्ली धरून एकजण ओटीवर बसून असावा, तसा. नवं बिऱ्हाड उंबऱ्यात आलं की तो उठतो. मग दुसरा धागा : खुर्ची रिकामी असताना राष्ट्रपती सदस्यांपैकीच कोणाला तरी तेवढ्यापुरतं बसवतात. हा हंगामी अध्यक्ष. १९५२ च्या मे महिन्यात ओरिसाचे ज्येष्ठ सदस्य बी. दास या कामासाठी बसले. बाहेरचा कोणी आला नाही. सभेनं आपल्यातलंच एक माणूस घेऊन स्वतःला उभं केलं.

आणि तिसरा धागा शपथेचा. निवडून आलेला माणूस शपथ घेईपर्यंत नावाचाच सदस्य. शपथ न घेता तो सभागृहात बसला किंवा त्यानं मत दिलं, तर घटनेत दंड लिहून ठेवला आहे : दिवसाला ५०० रुपये. १९५० साली ५०० रुपये ही केवढी रक्कम होती! लाखो मतांनी निवडून या, पंतप्रधान व्हा, पण आधी उभं राहून घटनेशी निष्ठा बोलून दाखवा, त्याशिवाय बाकावर टेकायचं नाही. सावर्ड्यात सह्याद्री शिक्षण संस्था उभी करणारे गोविंदराव निकम १९८९ आणि १९९१ साली रत्नागिरीतून लोकसभेवर गेले. त्यांनाही याच दारातून जावं लागलं. आमच्या गावातल्या माणसासाठीही तीच शपथ आणि नेहरूंसाठीही तीच, ही गोष्ट मला अजून नवी वाटते.

शपथा झाल्या. १५ मे उजाडला. कार्यक्रमपत्रिकेवर अध्यक्षांची निवड.

नेहरूंनी मावळणकरांचं नाव मांडलं. समोरच्या बाजूनं कम्युनिस्ट पक्षाचे ए. के. गोपालन उठले आणि त्यांनी शंकर शांताराम मोरे यांचं नाव सुचवलं. मोरे म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे संस्थापक-नेते, सोलापुरातून निवडून आलेले. पाहा, भारताच्या पहिल्या लोकसभेच्या अध्यक्षपदासाठी दोन नावं पुढे आली आणि दोन्ही मराठी! एकाचं मूळ कोकणात, दुसऱ्याचा मतदारसंघ देशावर. एकाला सुचवणारे अलाहाबादचे, दुसऱ्याला सुचवणारे मलबारचे.

इथे एक बारकावा आहे, तो समजून घेतल्याशिवाय पुढची गंमत कळत नाही. आपल्याला वाटतं की दोन उमेदवार असले की दोघांची मतं मोजायची आणि जास्त ज्याला तो जिंकला. लोकसभेत तसं होत नाही. तिथे माणूस मताला जात नाही, ठराव जातो. ज्या क्रमानं ठराव मांडले, त्या क्रमानं एकेक घ्यायचा. पहिला मंजूर झाला की संपलं. बाकीचे मताला टाकतच नाहीत. म्हणजे प्रश्न ‘मावळणकर की मोरे’ असा येत नाही. ‘मावळणकर, होय की नाही?’ असा येतो. मोऱ्यांच्या नावावर होय-नाही करायची वेळच आली नाही.

मतं मोजण्याची यंत्रं तेव्हा नव्हती, ती १९५७ साली आली. तोपर्यंतची रीत अंगमेहनतीची. आधी आवाजी मतदान, आणि त्यावर कोणाचा आक्षेप असला तर मतविभागणी. घंटा वाजते, माणसं बाकं सोडून उठतात. ‘होय’वाले एका लॉबीत, ‘नाही’वाले दुसऱ्या लॉबीत, आणि जाता जाता एकेकाची मोजदाद. मत म्हणजे बोट दाबणं नव्हतं, पायानं चालत जाणं होतं. सगळ्यांच्या देखत.

ठरावाच्या बाजूनं ३९४ मतं पडली. विरोधात ५५.

त्या ३९४ मतांत एक मत शंकरराव मोऱ्यांचं होतं. ज्यांच्या विरोधात आपलं नाव पुढे आलं होतं, त्यांच्याच बाजूनं त्यांनी मत दिलं. हे वाचलं तेव्हा मी पान खाली ठेवलं. विरोधी पक्षांनी मोऱ्यांचं नाव पुढे केलं, ते त्यांनी करू दिलं. निवड एकमुखी झाली नाही, विरोधी बाजू आहे आणि ती मोजली गेली, ही नोंद राहिली. आणि तरी स्वतःचं मत देताना मोऱ्यांनी पाहिलं ते एवढंच, की या खुर्चीत बसणारा माणूस आता आपलाही अध्यक्ष होणार आहे. कोणी शिकवलं असेल हे? नव्या सभागृहाला जुनी परंपरा नव्हती. ती त्या दिवशी पडली.

सहा वर्षांपूर्वीचा २४ जानेवारी १९४६ चा दिवस यापुढे ठेवून पाहावा. तेव्हा इंग्रजी अमदानीतलं केंद्रीय कायदेमंडळ होतं. मावळणकर तिथेही अध्यक्षपदाला उभे होते. सरकारच्या पाठिंब्यावर उभे होते सर कावसजी जहांगीर. मावळणकर ६६, जहांगीर ६३. अवघ्या तीन मतांची निवड! त्याही आधी, १९३७ पासून मुंबईच्या विधानसभेचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं होतं. म्हणजे सभा नवी होती, पण तिला बसवणारा माणूस पंधरा वर्षं या कामात मुरलेला होता. नवीन चुलीवर पहिला भात लावताना घरातलं जाणतं माणूस पुढे होतं, तसंच हे.

अध्यक्षाला इंग्रजीत ‘स्पीकर’ म्हणतात, बोलणारा. आणि सगळ्यांत कमी बोलायचं ते त्यानंच. हा शब्द विलायतेतल्या जुन्या काळचा : सभेचं म्हणणं राजापुढे जाऊन बोलायचं काम त्याचं. राजाला ते रुचलं नाही तर काय होई? १३९४ ते १५३५ या काळात तिथल्या सात स्पीकरांची मुंडकी उडवली गेली. म्हणून आजही तिथे नव्या स्पीकरला दोघे हाताला धरून खुर्चीकडे ओढत नेतात आणि तो नको-नको केल्यासारखं करतो. आपल्याकडे सभागृहाचे नेते आणि विरोधी बाजूचे नेते त्याला सन्मानानं खुर्चीपर्यंत पोचवतात. त्यानंतर तो एरवी मतही देत नाही. दोन्ही बाजूंची मतं समसमान झाली तरच त्याचं निर्णायक मत.

दुसऱ्या दिवशी, १६ मे ला, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांचं दोन्ही सभागृहांपुढे अभिभाषण झालं आणि रोजचं काम सुरू झालं. त्या पहिल्या लोकसभेच्या पाच वर्षांत ६७७ बैठका झाल्या. प्रत्येक दिवशी आधी प्रश्नोत्तरांचा तास, मग सभापटलावर कागद ठेवणं, मग विधेयकं. या सगळ्याची घडी मावळणकरांनी बसवली, आणि त्यातलं एक काम मला सगळ्यांत मोठं वाटतं.

सभेत आपण काहीतरी विचारतो. उत्तर येतं, ‘चौकशी करतो’, ‘विषय विचाराधीन आहे’. गावातला माणूस ते ऐकून घरी येतो आणि वाट पाहत राहतो. मावळणकरांच्या काळात, डिसेंबर १९५३ मध्ये, लोकसभेत एक समिती बसली : सरकारी आश्वासनांची समिती. मंत्र्यानं सभागृहात दिलेला शब्द हुडकायचा, टिपून ठेवायचा आणि पुरा झाला का ते पाहायचं, एवढ्यासाठी वेगळी समिती! कुठले शब्द उच्चारले की ते आश्वासन धरायचं, याची यादीच ठरलेली आहे. ‘मी यात लक्ष घालतो’ हे साधं वाक्य त्या सभागृहात उच्चारलं की त्याचं देणं होतं. ते फेडायला साधारण तीन महिन्यांची मुदत. बोललेला शब्द हवेत विरू द्यायचा नाही, यासाठी माणसांनी किती विचार केला असेल! माझ्या मते आपल्या ग्रामपंचायतींनीही अशी एक वही ठेवावी. मागच्या सभेत कोणी काय कबूल केलं आणि त्याचं काय झालं, एवढंच तिच्यात लिहावं.

सरकारशीही मावळणकरांनी असाच रोकठोक हिशेब ठेवला. संसद बसलेली नसताना सरकार वटहुकूम काढतं, ही सवय त्यांना खटकत होती. नेहरूंना पत्रं लिहून त्यांनी ती नापसंती कळवली, १९५० साली आणि पुन्हा १९५४ साली. ज्यांनी ठराव मांडून खुर्चीत बसवलं त्यांनाच हे लिहिलं.

१४ मे १९५४ रोजी त्यांनी सभागृहात जाहीर केलं की या सभागृहाला आता ‘लोकसभा’ म्हणायचं. तोवर दोन वर्षं कामकाजात ते ‘हाऊस ऑफ द पीपल’ होतं.

त्याच वर्षी १८ डिसेंबरला आणखी एक ठराव आला : मावळणकरांना अध्यक्षपदावरून दूर करावे. ज्या वाटेनं अध्यक्ष खुर्चीत बसतो, त्याच वाटेनं त्याला उतरवताही येतं. त्यासाठीही घटनेनं आधीच विचार करून ठेवलेला आहे. असा ठराव चर्चेला असताना अध्यक्षानं खुर्चीत बसायचं नाही; पण त्यानं सभागृहात यावं, आपली बाजू मांडावी, आणि एरवी नसलेला मताचा हक्कही तेव्हा त्याला आहे, मात्र समसमान मतांच्या वेळचं निर्णायक मत नाही. उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार यांनी त्या दिवशी सभा चालवली. नेहरूंनी सदस्यांना सांगितलं की हा पक्षाचा प्रश्न समजू नका. चर्चा झाली, ठराव मताला टाकला गेला आणि फेटाळला गेला. मावळणकर पुन्हा खुर्चीत येऊन बसले.