राबणं आणि व्यायाम

गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याकडे कापूस वेचणाऱ्या बाईला व्यायाम सुचवला, तर उत्तर ठरलेलं, "दिवसभर राबतेच की!" कष्ट खरेच आहेत. पण कमरेची ओटी भरेपर्यंत पाठ वाकलेलीच राहते, तेच स्नायू शिणतात. एकाच सरीत पाणी मुरावं, बाकीच्या कोरड्या राहाव्यात, तसं. त्यातच पाळी थांबल्यावर हाडं लवकर विरळ होतात. सार्कोपेनियाही (वयानुसार होणारी स्नायूंची झीज) वाढतो. म्हणून ताकदीचा व्यायाम वेगळा हवाच. हात न टेकता खुर्चीवरून उठबस करावी, भरलेल्या बाटल्या उचलाव्यात, वजन हळूहळू वाढवावं. जागतिक आरोग्य संघटना असा व्यायाम आठवड्यातून किमान २ दिवस सुचवते. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचाही, किमान ३ दिवस. सत्तरीत सुरुवात केली तरी स्नायू बळकट होतात.